मोहाखालची झाडलोट

आमच्या परिक्षेत्राच्या कागदांवर विश्वास ठेवायचा, तर इथल्या जंगलातली प्रत्येक आग एकाच माणसानं लावली आहे. त्याचं नाव अज्ञात इसम. मी त्याला सहा वर्षं टाईप केलं. तो फेब्रुवारीत जंगलात शिरतो, जूनमध्ये पाऊस पडला की निघून जातो आणि सापडत कधीच नाही. त्याच्यावर माझा राग आहे असंही म्हणता येत नाही, कारण त्याच्यामुळेच माझी नोकरी होती.

नोकरी कंत्राटी, कॉम्प्युटर ऑपरेटरची. मी धर्मेंद्र, गोंदिया शहरातला. घरात हिंदी, शाळेत मराठी आणि गल्लीत दोन्ही एकाच वाक्यात. २००६ साली वनखात्याच्या एका परिक्षेत्र कार्यालयात लागलो. सकाळी एसटीनं कोहमाऱ्याच्या फाट्यावर उतरायचं आणि तिथून काळीपिवळीत कोंबून आठ किलोमीटर. जंगल मला खिडकीतून दिसायचं तेवढंच माहीत होतं, आणि तेवढं पुरेसं आहे असं माझं मत होतं.

ईश्वरदासला जंगल माहीत होतं. तो हिरडीटोल्याचा. १९९९ च्या उन्हाळ्यात रोजंदारीवर फायर वॉचर म्हणून लागला, तेव्हापासून गावात त्याला फायरवाला म्हणत. उन्हाळ्याआधी जाळरेषा काढायच्या, म्हणजे जंगलात रुंद पट्टे साफ करून ठेवायचे. आग तिथवर आली की खायला काही न मिळून थांबते. आणि आग लागलीच तर हिरवी फांदी तोडून ती झोडपायची. एवढंच काम. पण ते तो असं करायचा की कायम नोकरीतले वनरक्षकही आग दिसली की आधी त्याला विचारत.

तो जातीनं कोहळी, म्हणजे तलाव बांधणाऱ्यांतला. त्याच्या पणज्यानं की खापरपणज्यानं हिरडीटोल्याचा तलाव बांधलेला, त्यामुळे जमिनीचा ढाळ पाहिल्याशिवाय त्या घरात कुणी पाऊल टाकत नसावं. धूर दिसला की तो धुराकडे पाहायचाच नाही, जमिनीकडे पाहायचा. मग म्हणायचा, "पानी उताराले धावते, आग चढाले धावते. बाकी दोघीयचा सोभाव एकच." आणि तासाभरानं आग जिथं पोचणार तिथं आधीच जाऊन उभा राहायचा.

कार्यालयात आला की तो एकच प्रश्न विचारायचा. "यादी आली काय जी?"

यादी म्हणजे रोजंदारीवाल्यांना कायम करण्याची. ती येणार, हे तो लागला त्या वर्षापासून सगळ्यांना माहीत होतं. मी एकदा वैतागून विचारलं, की बाबा, एवढं काय आहे त्या यादीत? तेव्हा त्यानं मनिरामची गोष्ट सांगितली. मनिराम त्याच्याच बरोबरचा वॉचर. २००३ मध्ये आग विझवून परत येताना ऊन लागून वाटेतच गेला. "आमी चौघायनं उचलून आनला. हापिसातून कोनी आलं नाही. कोन येईल? त्याचं नाव कोनत्याच रजिस्टरात नव्हतं. कायम मानूस मेला तं साहेब घरी येते, टोपी काढून उभा राहते. मले तेवढं पायजे." माणूस जिवंतपणी स्वतःच्या मयताची सोय का करत बसतो, असं मला तेव्हा वाटलं. त्याला पायजे होतं ते फार नव्हतं, हे कळायला मला वेळ लागला.

२००७ मध्ये उपग्रह आला. म्हणजे तो वर आधीपासून होताच, आमच्या कार्यालयात त्या वर्षी आला. कुठं जमीन तापलेली दिसली की त्या जागेचे अक्षांश-रेखांश फिरत फिरत माझ्या ईमेलवर यायचे, पुढं पुढं मोबाईलवर मेसेज यायला लागला. मी त्या आकड्याचा ठिपका कॉम्प्युटरवरच्या नकाशात टाकायचा आणि त्या भागातल्या वॉचरला फोन करायचा. वॉचरनं हातातल्या जीपीएसवर आकडा टाकून तिथं जायचं आणि मला कळवायचं. प्रशिक्षण दोन दिवसांचं झालं. वनरक्षकांनी आणि बऱ्याच वॉचरांनी आपापले जीपीएस खराब होऊ नयेत म्हणून कपाटात ठेवले. ईश्वरदास मात्र ते यंत्र गळ्यात घालून फिरायला लागला. हिरडीटोल्यात फोनला रेंज फक्त तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, यायची, म्हणून दुपारच्या वेळी तो पाळीवरच जाऊन बसायचा.

पुढच्या वर्षी साहेब म्हणाले, जनजागृतीचं पत्रक काढा. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं गळतात, ती वाळल्या पाल्यात दिसत नाहीत म्हणून बाया झाडाखालचा पाला पेटवतात, आणि तिथूनच वणवे लागतात, असा अहवाल होता. पत्रक मी लिहिलं. बरंच डोकं खाजवून एक ओळ जमवली: "मोहाखाली आग लावू नका, झाडून घ्या!" उद्गारचिन्ह माझं. साहेबांना ओळ आवडली. ईश्वरदासनं अकरा गावांत पत्रकं वाटली, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना वाचून दाखवली, आणि येऊन सांगितलं, "बाया खूश झाल्या जी." मला तिथंच शंका यायला पाहिजे होती. सरकारी पत्रकानं खूश झालेलं माणूस मी त्याआधी पाहिलेलं नाही.

त्याच वर्षापासून एक ठिपका मला छळायला लागला. जंगलाचा कक्ष क्रमांक ४१७, हिरडीटोल्याच्या वर, चढ सुरू होतो तिथं. ठिपका आला की मी फोन करायचा. ईश्वरदास जाऊन यायचा आणि पाळीवरून सांगायचा, "पॉईंटवर गेलतो जी. आग नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. बाजूले आमच्या बाईनं मोहाखालचं झाडलं, तेवढंच."

मी लिहायचा, "आग आढळली नाही." वर बाईचं कौतुक वाटायचं, की चला, एका तरी घरानं आपलं पत्रक मनावर घेतलं.

२००९ मध्ये पुन्हा तोच ठिपका, पुन्हा तेच उत्तर. त्या साली मात्र दोन दिवसांनी ४१७ च्या माथ्यावरचा बांबू पेटला. तीन दिवस आग चालली, चाळीस हेक्टर गेलं. आग पलीकडच्या रस्त्यानं जाणाऱ्या कुणाच्या तरी बिडीनं लागली, असं सगळ्यांनी ठरवलं आणि मी आमच्या नेहमीच्या इसमाचं नाव घातलं. ईश्वरदास तीन दिवस घरी गेला नाही. डावा हात कोपरापर्यंत भाजला. पुढच्या सव्वीस जानेवारीला त्याला प्रशस्तिपत्र मिळालं, ते त्यानं फ्रेम करून भिंतीवर लावलं.

२०१० मध्ये परत ठिपका. आता मात्र माझं डोकं फिरलं. उपग्रह चुकतो आहे, असं कडक भाषेतलं पत्र मी वर पाठवलं. उत्तर आलं नाही आणि उपग्रहही सुधारला नाही. मग मी तिन्ही वर्षांच्या तारखा मांडून बसलो. तारखा वेगळ्या होत्या, पण तिन्ही वेळा होळीपासून पाचवा दिवस होता, रंगपंचमीचा. उपग्रहाला होळी कळते, हे काही केल्या मला पटेना.

२०११ च्या रंगपंचमीला मी सुटी टाकली नाही, आणि कार्यालयातही बसलो नाही. वनरक्षकाच्या मोटारसायकलवर मागे बसून हिरडीटोल्याला गेलो आणि तिथून पायी चढायला लागलो. बारा-साडेबाराची वेळ. पळस लालभडक, आणि माझ्या बुटात एक खडा. पॉईंट जवळ यायच्या आधीच धूर दिसला.

एका जागी नऊ मोह होते. त्यांच्याखाली पाल्याचे ढीग गोलाकार पेटले होते. एक बाई लांब काठीनं पेटता पाला पुढं सारत होती. अगदी अंगण झाडावं तशी, न घाईत, न भीत. आणि कडेला हातात हिरवी फांदी घेऊन, गळ्यात सरकारी जीपीएस लटकवून, ईश्वरदास उभा होता. मला पाहून त्याला मनापासून आनंद झाला.

"या जी बाबू! आज इकडं काऊन?"

मी धापा टाकत विचारलं, "हे काय आहे?"

"मोह झाडून राहिलो."

"ईश्वरदास, ही आग आहे."

त्यानं मागं वळून पाहिलं, मी दुसरं काही दाखवतो आहे की काय म्हणून. "कुठं?"

बाई चंद्रकांता, त्याची बायको. ती काठी टेकवून म्हणाली, "अंगन झाडूनं झाडतेत, मोह काडीनं झाडतेत. हे काय सांगाची गोस्ट होय? माही सासू रंगपंचमीले असाच झाडे. तुमच्या कागदातनी तं लिवलंच आहे, आग नोका लावू, झाडून घ्या. आमी कोनाच्या जंगलाले आग लावली का आजपावतर?"

तीन वर्षं तो मला खरं सांगत होता. दर वर्षी, फोनवर, स्पष्ट शब्दांत. आणि अकरा गावांत माझं पत्रक वाटलं गेलं होतं, ज्यात मी उद्गारचिन्ह टाकून लोकांना मोहाखाली आग लावायला सांगितलं होतं. उगाच नाही बाया खूश झाल्या.

शेवटी मी एवढंच सांगितलं, की वरून उपग्रहाला ही आगच दिसते, दर वर्षी, इथंच. ईश्वरदासनं फांदीनं ढीग विझवले, सगळे, फुलांची जागा अर्धी राहिली तरी. चंद्रकांता ओरडत होती, त्यानं ऐकलं नाही. मग म्हणाला, "तुमच्या कॅम्पुटरवर ते दिसते न? मले दाखवा."

दुसऱ्या दिवशी तो कार्यालयात आला. पहिल्यांदाच यादीचं विचारलं नाही. मी नकाशा उघडला आणि चार वर्षांचे ठिपके एकेक करून दाखवले. २००९ वर त्यानं मला थांबवलं. रंगपंचमीला एक ठिपका, त्याच्या मोहाजवळ. दुसऱ्या दिवशी दोन, थोडे वर. तिसऱ्या दिवशी सात, माथ्यावर. मी ते वर्षापूर्वीही पाहिले होते, पण मला ते दहा ठिपके दिसले होते. त्यानं काचेवर बोट ठेवलं आणि खालून वर हळूहळू नेलं, तलावात पाणी कुठून येतं ते दाखवावं तसं, फक्त उलटं.

"वारा इकून होता," तो म्हणाला. "चढ हा असा. त्या दिसी एक लाकूड धगत होतं. मले वाटलं इझलं."

मी म्हटलं, रस्त्यावरून कुणाची बिडी पडली असेल.

"रस्ता पलीकडच्या उताराले आहे बाबू. रस्त्यावरची आग खालून वर येती तं आधी नाल्यापाशी दिसती. ही माही आग होय." त्या सात ठिपक्यांकडे पाहत डाव्या हाताची भाजलेली कातडी तो उजव्या हातानं चोळत होता. त्याचं त्याला भान नसावं. मला त्याच्याकडे बघवेना, म्हणून मी प्रिंटर चालू केला. प्रिंट काढायचं काहीच नव्हतं.

"लिवा," तो म्हणाला.

"काय लिहू?"

"आग कोनी लावली ते. दोन्ही. नव सालची अना कालची."

मी दार लावून घेतलं आणि त्याला नीट समजावलं. यादी खरोखर येणार आहे, साहेबांकडे माहिती मागितली आहे. नावावर वनगुन्हा असला तर यादीत नाव जाणार नाही. कालची आग लहान होती, विझली. दोन वर्षांपूर्वीची फाईल बंद झाली. मी अज्ञात इसम लिहितो, सगळेच लिहितात, कुणाचं काही बिघडत नाही.

तो रागावलेला मी तेव्हाच पाहिला. "बारा वर्सं झाले मले इथं. मी अज्ञात आहो काय?"

मी टाईप करायला बसलो.

साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला, परत घातला. माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले, "माझ्या नोकरीत आग लावली म्हणून स्वतःहून सांगणारा हा पहिलाच. याला कागदासकट परत नेता आलं तर न्या." पण नेता आलं नाही, कारण तेवढ्यात चंद्रकांता येऊन धडकली. सकाळी नवऱ्यानं भिंतीवरचं प्रशस्तिपत्र काढून नेलेलं पाहून ती हिरडीटोल्याहून बस पकडून आली होती, आणि दारातूनच बोलायला लागली.

"माहं नाव लिवा साहेब. काडी मीनं लावली, दर साली मीच लावतो. ह्यानं तं फक्त राखलं." मग नवऱ्याकडं वळून, "बारा वर्सं यादी यादी करून माह्या डोस्क्याचा भुगा केला. अना आता यादी दारापाशी आली तं हा मानूस तिले हाकलून राहिला!" आणि ती तिथंच, साहेबांच्या टेबलासमोर, रडायला लागली.

ईश्वरदासनं तिच्याकडं पाहिलं नाही. तो साहेबांना म्हणाला, "काडी हिनं लावली. पन हिले कोनी राखाचं काम देल्लं नव्हतं. मले देल्लं होतं."

गुन्हा त्याच्या नावावर नोंदला गेला. प्रशस्तिपत्रही तो घेऊन आला होता, फ्रेमसकट. ते परत घेण्याची तरतूद नसल्यानं साहेबांनी घेतलं नाही, आणि त्याला ते घेऊन एसटीनं परत जावं लागलं.

त्या सगळ्यात पत्रकाचा विषय निघाला नाही. पत्रक कुणी लिहिलं, असा रकाना फॉर्ममध्ये नव्हता, आणि माझं कंत्राट दर वर्षी नवीन होत असे. मी गप्प बसलो. दोन-चार दिवसांनी मात्र राहवेना, म्हणून त्याला फोनवर विचारलं, "साहेबांना पत्रकाचं का नाही सांगितलं? सुटला असतास."

"कायले? तुमी तं बरोबरच लिवलं होतं," तो म्हणाला. "समजाची चूक आमची." हे तो मला टोमणा मारायला म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो ते खरंच तसं समजत होता.

नवीन पत्रकात मी "काडी लावू नका, हातानं पाला ओढा" असं लिहिलं. ईश्वरदासनं ते अकरा गावांत परत वाटलं. या वेळी बाया खूश झाल्या नाहीत. काहींनी त्याच्या तोंडावर सुनावलं, की आधी तूच झाडत होतास. तो म्हणायचा, "हव, झाडत होतो. ते आग होती." चंद्रकांतानं पुढच्या रंगपंचमीला नऊ मोहांखालचा पाला हातानं ओढला. सात दिवस लागले, आणि त्या सात दिवसांत ती नवऱ्याशी एक अक्षर बोलली नाही. नकाशावर ४१७ मध्ये त्या वर्षी काहीही आलं नाही. वरून साहेबांना अभिनंदनाचं पत्र आलं, की उपग्रह प्रणालीच्या प्रभावी वापरामुळे आगी आटोक्यात आल्या.

यादी २०१२ च्या एप्रिलमध्ये आली. मीच ती फलकावर लावली, आणि लावण्याआधी तीनदा वाचली. सतरा नावं होती. त्यांतली सहा अशा माणसांची, ज्यांनी जीपीएस कधी कपाटाबाहेर काढला नव्हता. ईश्वरदास अकराच्या सुमाराला आला. बोट ठेवून वरून खाली वाचलं, मग खालून वर. मला म्हणाला, "बरं," आणि निघून गेला. चहाला थांब म्हणालो, तर जाळरेषेवर पाला पडला आहे म्हणाला.

दुपारी पावणेदोनला मेसेज आला. कक्ष ४१९, ४१७ च्या पलीकडचा. ठिपका नकाशात टाकला. आग चढाच्या तोंडाशी होती. त्या भागाचा वॉचर ईश्वरदासच. मी फोन हातात घेतला, त्याचं नाव काढलं, आणि बटण दाबता येईना. ज्या माणसाचं नाव आपण त्याच सकाळी फलकावर लावलं नाही, त्याला दुपारी कोणत्या तोंडानं सांगायचं, की जा, सरकारचं जंगल जळतंय? मला स्वतःची लाज वाटत होती, आणि ती नऊ मोहांपासूनची होती, आजची नव्हती. दुसऱ्या कुणाला तरी पाठवावं म्हणून मी यादीतली सतरा नावं पाहायला लागलो. तिघांचे फोन बंद होते. एक लग्नाला गोरेगावला गेला होता. पाच मिनिटं गेली, मग आणखी पाच.

तेवढ्यात फोन वाजला. त्याचाच होता, पाळीवरून, मागे वारा ऐकू येत होता.

"बाबू, धूर दिसून राहिला पलीकडं. मेसेज आला न?"

"आला," मी म्हणालो.

"मंग काऊन नाही सांगून राहिले? आग थांबते काय आपल्यासाठी? सांगा आकडे."

मी आकडे सांगितले. त्यानं ते एकेक करून परत म्हणून दाखवले. एकही चुकला नाही. मग तो पाळीवरून उतरला आणि रेंज गेली.